दिल्लीला गेलेला साग

पोंभुर्ण्याच्या एसटीत मागच्या सीटवरचं आजा-नातीचं बोलणं वच्छलाबाईंच्या कानावर पडत होतं. नात कॉलेजच्या सहलीहून परतली होती.

“दिल्लीचं संसदेचं नवं सभागृह पाह्यलं का वं, दिव्यानी?”

“पाह्यलं, आबाजी. दरवाजे आपल्याच सागाचे हायेत म्हने.”

“त्यात आपल्या गावचं झाड हाये. मीच हात जोडून तोडलं होतं. दरवाजाले हात लावला का?”

“लावू देत नाईत.”

“आन् आत काय सुरू होतं?”

“कल्ला. कोनी कोनाचं आयकतच नोते.”

“आमची गावसभा त्याच झाडाखाली भरे. ज्याले बोलाचं राहे, त्यानं खोडाले हात लावून बोलाचं. खोटं बोलाची कोनाची छाती नोती.”

वच्छलाबाई उतरायला उठल्या, तेव्हा म्हाताऱ्याने पुन्हा विचारलं,

“हातच लावू देत नाईत म्हंतेस?”