नानांची वाडी आणि लांबची लेन्स

दिवेआगरला एका होमस्टेचा व्हिडिओ करायला गेलो होतो, तेव्हाचं सांगतो. मालकांच्या मुलानं मला पुण्याहून फोनवरच ठरवलं होतं. घरामागची सुपारीची वाडी मोठी, तिचं टोक टिपायला डीएसएलआरला लांबची लेन्स लावली, तसे मालक नाना समोर उभे.

"एवढं नळकांडं कशाला? मुलानं वाडी विकायला काढली काय?"

"नाही हो नाना, लांबचं जवळ दिसतं, एवढंच."

मी छोटी लेन्स लावली, तर म्हणाले, "आता लपवून काढतोस होय?"

वैतागून पुन्हा लांबची लावली, कॅमेरा स्टँडवर ठेवला. "तुम्हीच बघा."

नाना स्क्रीनवर वाडीचं पार टोक बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "शेजारचा बाळू माझ्या सुपाऱ्या वेचतोय. हीच लेन्स ठेव. व्हिडिओ चालू कर."