मेलं की पहिल्यापासून

सोलो शहरातल्या एका बसथांब्यावर सुलास्त्रीबाई बसची वाट बघत होत्या. शेजारी वेनिंग आणि तिचा मित्र पांजी लॅपटॉप उघडून हमरीतुमरीवर आले होते. बाईंचे कान आपोआप तिकडे लागले.

“आज सहा वाजेपर्यंत स्पर्धेला गेम पाठवायचाय, वेनिंग. खेळणारा मेला की जिथं होता तिथूनच सुरू होतं, ते राहू दे ना! लोक वैतागतात.”

“मग तो रोगलाइक गेम राहतच नाही. त्यात मेलं की पहिल्यापासून, हाच तर नियम.”

“गुहा दर वेळी नवी, आपण एक पाऊल टाकलं की राक्षसाचं एक पाऊल. एवढं पुरे की!”

“मरायची भीतीच नसेल, तर पाऊल विचार करून कोण टाकेल? काढ ती सोय.”

“काल दिवसभर खपलोय मी त्यावर!”

“सरक, मीच काढते. झालं.”

“आणि परीक्षकांनी दोन मिनिटांत बंद केला तर?”

“आत्ताच बघू. काकू, खेळता का जरा?”

“मी? मला कुठलं येतंय!”

“फक्त बाणांची बटणं दाबा.”

“हा साप हलत का नाही?”

“तुम्ही हललात की तो हलतो.”

“असं होय... अगं बाई, मेले!”

“बघ वेनिंग, वैतागल्या. सॉरी काकू, तुमची बस आली.”

“जाऊ दे, दुसरी येईल. पहिल्यापासून कसं सुरू करायचं?”

“हे दाबा. पण गुहा आता वेगळी असेल.”

“असू दे. साप तर तोच ना? त्याच्या समोरून जायचं नाही, कळलं मला.”