आधी देवमासे, मग हापाई

—नाही बाई, आधी देवमासे, मग हापाई. उलट नका करू. बसा ना, उभ्या का? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घ्या. तर दोन बेटं म्हणालात, दोनच धरू. इथे वावाऊ बेटावर देवमाशांबरोबर पोहायचं, तेवढ्यासाठी तर लोक कुठून कुठून येतात, आणि मग विमानाने हापाई बेटावर, स्नॉर्केलिंगला, चष्मा लावून पाण्यातलं प्रवाळ बघायला. विमान म्हणजे काय, चढलं म्हणेपर्यंत उतरतंच. थांबा, तुम्ही काहीतरी सांगत होतात — सांगा हं, आधी खिडकी लावून घेते. वारा बघितलात? सकाळी नव्हता. मकाला म्हटलं होतं — मका म्हणजे माझा नवरा, बोट तोच चालवतो — दुपारनंतर बाहेर राहू नकोस. ऐकेल तर शपथ. येईल, येतोच तो. पण बोट बाहेर असली की मला आपलं एका जागी बसवत नाही, तुम्ही लक्ष देऊ नका.

उद्याचं सांगते. लवकर या, पोट अर्धंच भरून या. परवा नको, परवा रविवार. रविवारी आमच्याकडे पाण्यात कुणी उतरत नाही — चर्च, मग जेवण, मग झोप, तुम्हीही झोपा. बोटीवर वाट बघायची तयारी ठेवा, देवमासा काही आपल्या पगारावर नाही. दिसला की मका बोट लांबच थांबवतो, वाटाड्या आधी उतरतो, त्याने हात वर केला की मगच तुम्ही. एका वेळी चौघं. पाय आपटायचे नाहीत, वाटाड्याच्या पुढे जायचं नाही, आणि पिल्लू असेल तर पिल्लाच्या नि आईच्या मधे — नाही, हे मी हसत सांगत नाहीये. लोक मान डोलावतात आणि पाण्यात गेले की विसरतात. समोर घराएवढी आई, हलत नाही, डुलत नाही, तुम्हाला वाटतं झोपलीय. झोपलेली नसते, बाई. तिचं सगळं लक्ष असतं.

तो फोटो? आल्यापासून त्याच्याकडेच बघताय. ती पिसिला, माझी मुलगी. त्यात हसतेय कारण मका फोटो काढताना बोटीवरून पाण्यात पडायच्या बेतात होता. सगळा मोसम तिच्या नावाने लोक येत — ‘पिसिला असेल तरच बोट ठरवतो’ म्हणत. तिला कळायचं हो, कसं ते मला विचारू नका. मका सांगेल इथे थांबू, ही म्हणेल नको बाबा, तिला आज आपण नको आहोत. आणि खरंच, थोड्या वेळाने शेपटी आपटून निघून जायची ती देवमाशीण. मग काय? मग काही नाही. आता ती नाही येत. तुमच्याबरोबर दुसरा वाटाड्या असेल, चांगला आहे, काळजी नको. तर हापाईचं —

काय झालं म्हणजे? झालं ते. तुम्ही उद्या पाण्यात उतरणार, तुम्हाला कशाला ऐकवू? बरं, ऐकाच, निदान पाय तरी आपटणार नाही. गेल्या मोसमात एक माणूस होता, हातात काठी, काठीला कॅमेरा. शांत पाणी, आई खाली स्वस्थ, पिल्लू श्वास घ्यायला वर आलेलं. पिसिलाने सगळ्यांना मागे धरून ठेवलं होतं. हा सुटला आणि सरळ पिल्लावर गेला. आई वळली. रागाने नाही, हे पिसिलाच म्हणते, नुसती वळली, मुलाला पोटाशी घ्यायला. पण तिचं वळणं म्हणजे — पिसिला त्या माणसाला मागे ओढत होती, शेपटीची कड हिच्या खांद्यावर बसली. खाली गेली. मका कपड्यांनिशी उडी मारून गेला तिच्या मागे. वर आली तेव्हा ओठ असे, या निळ्या कापडासारखे. आणि तो माणूस बोटीत बसून कॅमेरा भिजला का बघत होता. जाऊ द्या. राजधानीत नेलं, हाड जुळलं, डावा खांदा जरा खाली राहिला इतकंच. डॉक्टर म्हणाले, पोहा आता, पोहलेलं बरं.

उतरली नाही. घोट्यापर्यंतसुद्धा नाही. धक्क्यावरून चालायची तीही मधून. मी रोज म्हणायचे, पिसि, आज नुसते पाय सोडून बसू, मी बसते ना शेजारी. यात काय वाईट आहे, सांगा? आईच ना मी? कधी न्याहारीला म्हणायचे, कधी रात्री. कधी तिचे पोहताना पायात घालायचे पंखे काढून दारात ठेवायचे, दिसले तर वाटेल तिला. एक दिवस हापाईहून माझी नणंद आली, फुइवा. दोन दिवस सगळं बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मुलीला मी नेते. आमच्यात बापाच्या बहिणीने म्हटलं की संपलं, त्यावर आईने बोलायचं नसतं. मका तर मान खाली घालून बसला. मी कपडे भरून दिले. जाताना फुइवा म्हणते, ‘लोसे, तू फोन करू नकोस. तिला वाटेल तेव्हा तीच करेल.’ असं म्हणतात का कुणाला?

म्हणून मी आपली सगळ्यांना हापाई सांगते. आता तुमच्यापासून काय लपवायचं. तिकडची वाळू चांगली, प्रवाळ चांगलं, खोटं नाही सांगत, पण फुइवाच्या घरी दोन खोल्या आहेत पाहुण्यांना, मी तिथेच पाठवते. परत आले की विचारते. सगळे एकच सांगतात — मुलगी पडवीत बसते, केवड्याच्या पातीच्या चटया विणते. जेवते का? जेवते. हसते का? मग इकडेतिकडे बघतात. ही पिशवी घ्या तुमच्याकडे, जड नाही, तिचा पाण्यातला चष्मा नि पंखे आहेत. बोलायचं काही नाही, नुसती पडवीत ठेवून यायची. आईने दिली म्हणू नका. किंवा म्हणा. नाही, नका म्हणू. मी तिकीट बघते सोमवारचं —

काय? बोला ना मग, मघापासून तोंडाशी आणताय आणि गिळताय. हापाईहून आलात? आज सकाळीच? म्हणजे उलट केलंत तुम्ही, आधी ते, मग — मग मला बडबडू का दिलंत? फुइवाकडे उतरल्या होतात? बरं. बरं. बघितलीत तिला? पडवीत होती?

नव्हती.

स्नॉर्केलिंगला कोणी नेलं तुम्हाला? पिसिलाने? हो, ऐकू आलं मला. काठावर उभी राहून दाखवत असेल ती, हाताने, तिकडे जा म्हणून... पाण्यात? तुमचा हात धरून? कुठला हात? डाव्या हाताने धरलं होतं तिने तुम्हाला?

थांबा, बोलू नका जरा.

चष्मा कुणाचा होता — राहू द्या, असेल कुणाचा. तिने मला सांगू नका असं म्हटलं? नाही म्हटलं? पण सांगा असंही नाही म्हटलं. हं. मग नका सांगू. कळतंय का बाई, तुम्ही मला हे सांगितलेलं नाही. मला कळलं तर मी फोन करेन, आणि फोन केला की विचारेन, किती लांब गेलीस, खांदा दुखला का, आता घरी कधी येतेस — मला माहीत आहे ना मी. पिशवी द्या इकडे.

बोट आली वाटतं. आलीच, इंजिन मकाचंच आहे. तो आत यायच्या आत तुम्ही निघा. मला तोंड धुऊन घ्यायचंय, त्याला बघवत नाही ते असं रडवेलं. उद्या लवकर या. दार ओढून घ्या जाताना.