सुदेश पुसला आणि मुली गेल्या

...नाही, पण मी केलं काय? एकच ओळ लिहिली हो!

तुम्हाला सांगतो, पेडण्याच्या सुमंगलाबाईंच्या वधूवर मंडळाची वेबसाइट मी इथे गोव्यात, साखळी गावात घरी बसून केली. डेटाबेसशी थेट बोलणं म्हणजे डोकेदुखी, म्हणून ओआरएम वापरलं. ओआरएम म्हणजे मधला दुभाषी हो! आपण आपल्या भाषेत सांगायचं, तो तिकडे डेटाबेसला सांगतो. नेमकं काय सांगतो, ते बघायची सवयच गेली माझी...

तर बाईंचा फोन. "रे गौरेश, त्या सुदेशाचा लगीन ठरला मरे, त्याचा नाव काढ!" काढलं. एकच ओळ! पण मुलाचं नाव पुसलं की त्याला जोडलेलं सगळं जाऊ दे, असं मीच सांगून ठेवलेलं. आणि मुलगी जोडलेली कुणाला? ज्याने शेवटची घरी जाऊन पाहिली त्याला! अन् ह्या सुदेशाने पेडणे, डिचोली, एक घर सोडलं नव्हतं...

"गौरेश, मुली खंय गेल्यो?"

"सर्व्हर स्लो आहे, बाई!" खोटं बोललो हो! जुन्या बॅकअपमधून जवळजवळ सगळ्या मुली परत आल्या. एक नाही आली. सिद्धी. माझी सख्खी बहीण! तिचं नाव त्या बॅकअपनंतर घातलेलं, आणि सुदेश नुकताच पोहे खाऊन, नकार देऊन गेलेला!

त्याआधीच आमोण्याच्या साईशने साइटवर सिद्धीचा फोटो बघितलेला, तिलाही तो मुलगा आवडलेला. त्याने मंडळात फोन केला, तर बाई म्हणतात, "अशी मुलगीच नाही!" इकडे सिद्धी फोनकडे बघत बसलेली. "दादा, त्यांना मी पसंत नसेन, ना रे?"



"नकार नाही गो," म्हटलं, "मीच तुला पुसली! चुकून! एकच ओळ..."

तिने डोळे पुसले, चप्पल घातली. "गाडी काढ."

आमोण्याला साईशच्या घरी ओसरीवर बसून मी सगळं सांगितलं. सुदेश, दुभाषी, बॅकअप... साईश ऐकत होता कुठे? तो सिद्धीकडे बघत होता! त्याची आई मात्र शेवटपर्यंत माझ्याकडे.

"मुलगी पसंत," म्हणाल्या, "पण लग्नपत्रिका ह्याने करायची नाही."

"मंजूर! निदान मांडव घालायला येऊ?"

"नको. तू नुसता जेवायला ये."