एक टीम, एक माणूस

(ऑक्टोबर २०२०. मेलबर्न, क्लेटनमधलं स्वयंपाकघर. टेबलावर लॅपटॉप, त्याच्या पडद्यावर डार्विनहून नंदू. समोर सारंग. बाजूला मटार सोलत बसलेली सारंगची आई, चित्रलेखा.)

सारंग : ...आणि म्हणून कलम सातनुसार नंदूची टीम रद्द. हा सीझन आणि पुढचाही. आई, तू फक्त 'मान्य' म्हण.

चित्रलेखा : थांब. आरोपीला बोलू दिलंस का?

नंदू : नाही काकू. मघापासून म्यूटवर होतो. आत्ता काढलं त्याने.

सारंग : कारण तू चघळत होतास. सगळा आवाज इकडे येत होता.

नंदू : आंबा खातोय. डार्विनला आत्ता आंब्याचे दिवस आहेत, त्याला मी काय करू?

चित्रलेखा : माझी अर्धी नोकरी शाळेच्या शिस्त समितीवर गेली. चघळणाऱ्या मुलालासुद्धा बोलू द्यायचे मी. पण सारंग, आधी मला सांग, तुमच्या भांडणात मी कशाला?

सारंग : कारण मी लीगचा कमिशनर आहे, आणि नंदूच्या टीमकडून हरलोही मीच. मीच निकाल दिला तर बाकीचे म्हणणार, पक्षपात केला. म्हणून सगळ्यांनी मिळून तुला नेमलं. ज्याला या खेळातलं काहीच कळत नाही असं माणूस हवं होतं.

चित्रलेखा : हा मी सन्मान समजते. आता खेळ सांग.

सारंग : अमेरिकन फुटबॉल. म्हणजे आपलं फुटबॉल नाही, तो टोकदार चेंडू हातात घेऊन पळतात ते.

चित्रलेखा : हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर पडतात ते? सोमवारी सकाळी तू ऑफिसच्या मीटिंगमध्ये मान हलवत बसतोस आणि टेबलाखाली फोनवर बघतोस ते?

सारंग : तेच. मॅच त्यांच्या रविवारी, म्हणजे आपल्या सोमवारी. तर आम्ही आठ मित्र आहोत. त्या अमेरिकेतल्या खेळाडूंची आम्ही आपसात वाटणी करतो. प्रत्येकाची कागदावर एक टीम. दर आठवड्याला कुणाला खेळवायचं, कुणाला बसवायचं, ते आपण ठरवायचं. ते तिकडे पळतात, त्याचे गुण इकडे आपल्याला.

चित्रलेखा : म्हणजे दुसऱ्यांच्या पोरांच्या मार्कांवर तुम्ही पेढे वाटता.

नंदू : काकू, सहा वर्षांत एवढं स्वच्छ कुणी सांगितलं नव्हतं.

चित्रलेखा : आणि नियम कुठला मोडला?

सारंग : कलम सात. एक टीम, एक माणूस. टीम ज्याची, त्यानेच चालवायची. दुसऱ्याला पासवर्ड द्यायचा नाही. याची टीम हा चालवतच नाही.

चित्रलेखा : पुरावा?

सारंग : लीगचा एक बोर्ड आहे, त्यावर लिहिलेलं आठही जणांना दिसतं. मागच्या रविवारी नंदूच्या खात्यावरून तिथे मेसेज पडला. वाचतो. 'नंदू, कढीपत्त्याला पाणी घाल, नाहीतर मेलाच म्हणून समज. आणि तो अठ्ठावीस नंबरवाला लंगडतोय, त्याला मी बसवलंय. तू परत खेळवू नकोस.'

चित्रलेखा : नंदू, हे तू स्वतःलाच लिहिलंस?

नंदू : नाही काकू. यामिनीने लिहिलं. तिला वाटलं, तो मेसेज फक्त मला जातोय.

चित्रलेखा : यामिनी म्हणजे तुझी बायको. साताऱ्याला अडकलेली.

नंदू : हो. पासवर्ड मीच दिला. गुन्हा कबूल.

सारंग : बघ! कबूल आहे म्हणतोय. विषय संपला.

चित्रलेखा : तुझा संपला असेल. कढीपत्ता जगला का?

नंदू : जगला. इथे काहीही जगतं काकू. डार्विनमध्ये कोरोनाही नाही. तशी माणसंही फारशी नाहीत.

चित्रलेखा : शिक्षेबद्दल तुझं म्हणणं काय?

नंदू : शिक्षा द्या, पण बेताची द्या. खुद्द अमेरिकेत बघा. या सीझनला कोचने तोंडावरचा मास्क खाली केला, की दंड. खेळाडूने ठोसा मारला, की एखाद-दुसऱ्या मॅचची बंदी. तिथे टीम रद्द करत नाहीत. खरी हाडं मोडतात तिथे ही शिक्षा, आणि आपल्या कागदावरच्या खेळाला दोन वर्षं हद्दपारी? काय राव!

सारंग : त्यांच्याकडे वकील आहेत. आपल्याकडे फक्त नियम आहेत. एकदा ढील दिली की उद्या सलिलची मेहुणी खेळेल, परवा नचिकेतचा शेजारी. मग लीग कसली, धर्मशाळा! आणि नियम पाळणं एवढं अवघड नसतं. इथे लॉकडाउनमध्ये पाच किलोमीटरची हद्द आहे, मी एकदाही ओलांडली नाही.

चित्रलेखा : ते मला ठाऊक आहे. भाजणीचं दुकान हद्दीच्या जरासं पलीकडे, म्हणून दोन महिने या घरात थालीपीठ नाही.

सारंग : नियम म्हणजे नियम, आई. तूच शिकवलंस.

नंदू : काकू, या खेळात अजून एक गंमत आहे. कुणी चुकलं की रेफरी पिवळं फडकं टाकतो. पण शिक्षा लगेच लागू होत नाही. ज्यांच्यावर अन्याय झाला, त्या टीमला विचारतात, शिक्षा घेता की राहू दे?

चित्रलेखा : फिर्यादीला विचारतात?

नंदू : विचारतात. समजा, समोरच्यांनी तुमच्या माणसाला नियम मोडून अडवलं, तरी तो सुटला आणि पार टोकाला पोचला. आता शिक्षा घ्यायची तर खेळ मागे आणावा लागतो. मग कॅप्टन म्हणतो, नको आम्हाला शिक्षा, झालं तेच बरं.

सारंग : माझा माणूस कुठे टोकाला पोचलाय? मी हरलोय! आणि कुणाकडून, तर मार्चपर्यंत जी विचारायची, हे सगळे एकमेकांना मिठ्या का मारतात, तिच्याकडून.

चित्रलेखा : नंदू, तिला आवडतो का हा खेळ?

नंदू : छे! चेंडू गोल का नाही, हेच तिला अजून पटलेलं नाही.

चित्रलेखा : मग कशाला चालवते टीम?

नंदू : जाऊ द्या ना काकू. पासवर्ड दिला, चुकलो. शिक्षा सांगा.

चित्रलेखा : कारण कळल्याशिवाय मी कुणाला शिक्षा दिलेली नाही. बोल.

नंदू : ती भावाच्या लग्नाला गेली आणि मार्चमध्ये बॉर्डर बंद झाली. माझा व्हिसा अजून टेम्पररी. तिला येऊ द्या म्हणून अर्ज केला, नाही म्हणाले. परत केला, परत नाही.

चित्रलेखा : हे सारंगने सांगितलंय. मी फुटबॉलचं विचारतेय.

नंदू : तेच सांगतोय. रोज फोन असायचा. आधी आधी रडारड झाली. मग विमानांच्या बातम्या. मग बातम्याही संपल्या. 'जेवलास?' 'जेवलो. तू?' 'जेवले.' 'काय होतं?' 'भात.' पुढे काय बोलायचं? एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचं. मग मी म्हणायचो, नेट गेलं वाटतं, आणि ठेवून द्यायचो. नेट मस्त चालू असायचं, काकू.

सारंग : आई, सालं भांड्यात टाकतेयस. मटार खाली चाललेत.

चित्रलेखा : असू दे. नंदू, पुढे.

नंदू : सप्टेंबरात सीझन सुरू झाला. बोलायला काही नव्हतं म्हणून तिला दोन खेळाडूंचे फोटो दाखवले आणि विचारलं, यातल्या कुणाला खेळवू? ती म्हणाली, हा. मी म्हटलं, का? तर म्हणे, याचा चेहरा वेळेवर घरी येणाऱ्या माणसासारखा आहे. मी म्हटलं, येडी आहेस का, असं नसतं. त्यावर तासभर भांडलो. माझी अक्कल काढली, माझ्या आईचं वळण काढलं, लग्नातला जुना आहेरसुद्धा काढला. सहा महिन्यांनी पहिल्यांदा माझी बायको माझ्यावर ओरडली, काकू. इतकं बरं वाटलं मला, काय सांगू!

सारंग : आणि तो वेळेवर घरी येणारा? तो खेळला?

नंदू : खेळला ना. दोनदा चेंडू घेऊन पार टोकाला, टचडाउन. मग मी पासवर्ड देऊन टाकला. आता रोज भांडतो आम्ही. ती साताऱ्यात बसून कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाचा घोटा सुजलाय, सगळं वाचून काढते. शनिवारपासून आवाज चढलेला असतो तिचा. टीम गेली ना, की परत भातावर येऊ आम्ही. तेवढीच भीती आहे. बाकी काही नाही.

सारंग : मला का नाही सांगितलंस?

नंदू : तू विचारायचास, 'ऑल गुड, मेट?' मी म्हणायचो, 'ऑल गुड.' त्याच्यापुढे बोलायला जागाच कुठे असते?

सारंग : अरे, याच क्लेटनला आपण दोन वर्षं एका गादीवर झोपलोय. युनिव्हर्सिटीचे दिवस आठव. मला वाईट वाटतंय, नंदू. खरंच वाईट वाटतंय. मी कलमं काढत बसलो.

नंदू : नो वरीज. कलमं चांगली लिहिली होतीस.

सारंग : आई, मला शिक्षा नको. केस मागे घेतो.

चित्रलेखा : नाक पूस आधी. आणि नीट सांग, काय मागे घेतोस? नंदू म्हणाला त्या फडक्याप्रमाणे तुला विचारते. सोमवारचा सामना तू हरलास. शिक्षा घेतलीस तर तो निकाल रद्द होईल. घेतोस का?

सारंग : नाही. राहू दे.

चित्रलेखा : नक्की? म्हणजे यामिनीने तुला हरवलं, हे कायमचं नोंदलं जाईल.

सारंग : ...हो. राहू दे.

चित्रलेखा : झालं. सामना तुझा होता, तो तू सोडलास. पण नियम तुझ्या एकट्याचा नाही, आठ जणांचा आहे. तो मोडलाय. दया आली म्हणून सोडून दिलं की बाकीची पोरं बिघडतात. शिक्षा होणार.

सारंग : आई! आत्ता तर मी...

चित्रलेखा : मला नेमलंयत ना? मग ऐका. एक टीम, एक माणूस. या टीमवर सध्या दोन माणसं आहेत. एकाने बाहेर जायचं. नंदू, तू बाहेर.

नंदू : मी?

चित्रलेखा : तू. पासवर्ड तू दिलास, आणि काम ती करते. तुझं नुसतं नाव. आजपासून टीम यामिनीच्या नावावर, बोर्डावरही तिचंच नाव. तू कुणाला खेळवायचं नाही, कुणाला बसवायचं नाही. हा सीझन आणि पुढचाही. सारंग, 'मान्य' म्हण.

सारंग : मान्य. पण बाकीचे सहा जण?

चित्रलेखा : त्यांना सांग, आरोपीला दोन वर्षांची हद्दपारी झाली. तुझ्या कलमाप्रमाणेच.

नंदू : काकू, पण तिने भलत्यालाच खेळवलं तर मी बोलायचं की नाही?

चित्रलेखा : बोलायला बंदी कुठे आहे? ऐकायचं की नाही, ते तिने ठरवायचं.

नंदू : ती अजिबात ऐकणार नाही.

चित्रलेखा : मग भांडा.

नंदू : ...काकू, उद्या तुम्हाला आंब्यांचा खोका पाठवतो.

चित्रलेखा : निकालानंतर भेटवस्तू स्वीकारत नाही. निकालाआधी पाठवायचास. जा, तिला फोन कर. आणि हरलास असं सांग, खूश होईल.

नंदू : येतो काकू. सारंग, थँक्स रे.

सारंग : मी रात्री फोन करतो तुला. 'ऑल गुड' म्हणालास तर बघ.

चित्रलेखा : गेला का?

सारंग : गेला. आई, तो सोमवारचा निकाल... मी जरा घाईत सोडला नाही का?

चित्रलेखा : घाईतच सोडायचा असतो. दे ती चाळण इकडे, मटार निवडायला लागतील सालांतून.

सारंग : काय झालं तुला मधेच? बाबांचा फोन येऊन गेला ना सकाळी? बरे आहेत ना?

चित्रलेखा : बरे आहेत. आला आणि झाला. सारंग, तुमच्या लीगमध्ये अजून एक टीम बसेल का?

सारंग : तू खेळणार?

चित्रलेखा : मी नाही. यांच्या नावाने.

सारंग : बाबांच्या? आई, त्यांना क्रिकेटसुद्धा कळत नाही.

चित्रलेखा : मला तरी कुठे कळतं? तीन महिन्यांसाठी म्हणून आले होते मी इथे. सांगलीच्या घरात एकटे बसून असतात. 'जेवलात का?' विचारलं की 'हो' म्हणतात. मग मीच म्हणते, ठेवते आता, कुकर लावायचाय. कुकर कधीच झालेला असतो.

सारंग : पुढच्या सीझनला घेऊ या ना त्यांना. मीच शिकवीन.

चित्रलेखा : पुढचा सीझन कुणी पाहिलाय? या रविवारपासून घे.

सारंग : सीझनच्या मध्येच नवीन टीम? नाही घेता येत, आई. नियमात बसत नाही. कलम तीन.

चित्रलेखा : मग मोड. शिक्षेचं मी बघते.