दाकिओचं कोनफळ

पॅसिफिकमधल्या आमच्या पोह्नपेई बेटावरच्या दवाखान्यात साखर तपासायला बसलो होतो. पुढच्या बाकावर म्हातारा दाकिओ आणि कॉलेजात शेती शिकवणारी त्याची भाची सेलिहना.

"मामा, तुझ्या कोनफळाचं बेणं दे."

"हळू बोल! दुसऱ्याच्या कोनफळाकडे आपल्यात कोणी बघतसुद्धा नाही, आणि तू चारचौघांत मागतेस?"

"बघत नाही, म्हणूनच आजोबांचं लाल कोनफळ त्यांच्याबरोबर गेलं. बेणं कुणाकडेच नव्हतं."

"मग?"

"आता आसपासच्या बेटांची कॉलेजं मिळून रोपवाटिका करतायत. पलीकडच्या बेटांवर समुद्र शिरून अळूची शेतं खारावली. पोरं नुसता भात आणि डब्यातलं मांस खातात."

"मीही तेच खातो. कोनफळ सरदाराच्या मेजवानीसाठी असतं."

"म्हणून तर इथे साखर तपासायला बसलायस."

"जिभेला काही हाड?"

"नाही. तिकडे जाणारी बोट गुरुवारी सुटते. तोवर तू जाशील तिथे मी शेजारी येऊन बसणार."

"अगदी आईवर गेलीस. त्या बेटांवरचं कोणी आपल्या मेजवानीला येतं का?"

"कोणीसुद्धा नाही."

"माझंच बेणं लावून, माझ्यापेक्षा मोठं पिकवून मिरवायला?"

"मिरवलं तर तिकडेच मिरवतील."

"मग नीट ऐक. डुकरांच्या खोपटामागे ओढा आहे ना, त्याच्या पलीकडे जो नीरफणस..."

सरदाराच्या मेजवानीत दरवर्षी दाकिओचं कोनफळ माझ्या कोनफळापेक्षा मोठं निघतं. मी उठलो, खिडकीशी गेलो आणि त्याचं सांगून होईपर्यंत जोरजोरात खोकत राहिलो.