सोनूबाईंच्या देवांची जास्वंद

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो, जास्वंदीला केलंत काय?" आता मी काय करणार? तुम्हाला सांगतो, आमची ही होती तेव्हा त्या झाडाला पानांपेक्षा फुलं जास्त. ही गेली, तेव्हापासून मी पाणी घालतोय, चिऱ्याचं आळं बांधलं, शेण घातलं... पण कळी? कळी नाही!

शेजारच्या सोनूबाई माळकरी. कुणाकडे मासळी तळली तरी खिडकी लावून घेणाऱ्या. पण आमची फुलं मात्र काठीला आकडा बांधून पहाटे काढायच्या, वर्षानुवर्षं, न विचारता. आणि आता कुंपणावरून मलाच ऐकवतात, "वहिनींचा हात सोवळा होता हो! तुमचं आपलं..." पुढचं वाक्य खोकून पुरं करतात. मग मिरजोळ्याच्या कारखान्यातली बाग बघणारे रघूभाऊ आले, झाडाभोवती साहेबासारखे फिरले, म्हणाले, "छाटा." छाटलं. झाड खराट्यासारखं उभं. पण कळी? कळी नाही! तर म्हणे, उपटून क्रोटन लावा. क्रोटन! हिनं माहेराहून, पूर्णगडाहून, एस्टीत मांडीवर धरून आणलेली फांदी ती... उपटा म्हणे!

एका बुधवारी ठमाबाईनं मासळीची टोपली दारात उतरवली. "भावजी, वयनी गेल्यापासून तुमच्या चुलीवर बांगडा चढला नाय. घ्या चार." मी खानावळीचा डबा खाणारा माणूस, पण तिला नाही म्हणवेना. परसात बसून धुतले. हात लाल, पाणी लाल, ओतायचं कुठं? मांजर माझ्याकडे बघतंय, मी मांजराकडे... आणि आठवलं. ही पदर खोचून यायची आणि ते पाणी जास्वंदीच्या बुडात ओतायची. मी समोरच पेपर वाचत असायचो. कधी विचारलं, हे काय करतेस म्हणून? छे!

ओतलं. मग पुढच्या बुधवारी पुन्हा, त्याच्या पुढच्याही. शिमगा येईतो झाड लालभडक! सोनूबाई तबक भरून, डोळे मिटून म्हणतात, "बघा! रोज कुंपणावरून देवाचं तीर्थ घालत होते मी. सोवळ्याचा गुण!"

आता सांगू का, बाई, तुमच्या गणपतीची फुलं इतकी वर्षं कशावर पोसली... अगदी ओठांपर्यंत आलं. पण हिनं कधी सांगितलं नाही. मी कोण सांगणारा?

तेव्हा आता बुधवार आला की बांगडे. मला ते करता येत नाहीत. एका बाजूनं करपतात, दुसऱ्या बाजूनं कच्चे राहतात. खातो. काय करणार, सोनूबाईंच्या देवांना फुलं नकोत का?